ठाणे स्थानक आणि कोबीचा गड्डा

वाशीच्या घाऊक भाजीबाजारात कोबी, फ्लॉवर, नवलकोल व ब्रोकोली शेजारी शेजारी पडलेली असतात. गृहिणी त्यांना चार भाज्या समजते. भावही चार निराळे. परंतु वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणतो, बाईसाहेब, ही जात एकच! एकीची पाने एकमेकांवर दाटली, दुसरीचा फुलोरा फुगला, तिसरीच्या खोडाचा चेंडू झाला, इतकेच.

एवढी रूपे घेण्याची मुभा ह्या घराण्याला मिळाली कोठून? सुमारे दीड-दोन कोटी वर्षांपूर्वी ह्याच्या एका पूर्वजाच्या पेशीत सगळी जनुके तिप्पट झाली. घरात एकाऐवजी तीन पाटे-वरवंटे आले म्हणाना! काही पुढे हरवले. उरलेल्यांपैकी एकाने रोजचे वाटण चालू ठेवले आणि बाकीचे नव्या कामाला मोकळे झाले. पाने वळणे, खोड फुगणे हे चमत्कार ह्या जादा जनुकांशी निगडित आहेत, असे अलीकडच्या संशोधनात दिसते. त्यातून हवे ते निवडले मात्र शेतकऱ्याने, पिढ्यान् पिढ्या बी राखून.

आम्हां भाषेच्या मास्तरांना ह्यात नवल वाटू नये. संस्कृत ‘स्थान’ झिजून ‘ठाण’ झाले, त्यातून ‘ठाणे’ आले. पुढे ‘स्थानक’ हा शब्द आपण आगगाडीसाठी पुन्हा संस्कृतातून उचलला. आता ‘ठाणे स्थानक’ म्हणताना एकच शब्द दोनदा उच्चारला, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. एका प्रतीने जुने काम सांभाळले की दुसरी बदलू शकते. (उत्तरपत्रिकांत दोन सारख्या प्रती आढळल्या तर आमचे मत निराळे असते, ते सोडा.)

ह्या घराण्याने दुसरीही एक युक्ती केली. आपल्या फोडणीत तडतडते ती मोहरी बहुधा दोन जातींच्या संकरातून झालेली आहे: सलगमच्या जातीची १० गुणसूत्रांची जोडी-संख्या, काळ्या मोहरीची ८, आणि आपल्या मोहरीची १८. दोन्ही घरांचा सगळा संसार एकत्र! हा हिशेब कोरियन वंशाच्या वू जांग-चुन ह्या शास्त्रज्ञाने १९३५ साली जपानमध्ये मांडला. एका संचातले जनुक बिघडले तर दुसऱ्यातले पुष्कळदा निभावून नेते. खाडीपलीकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात मोहरीच्या बियांवर किरणांचा मारा करून नवे वाण काढले गेले, त्यांत पिवळ्या दाण्याचेही आहेत.

चिंता आहे ती त्या ८ वाल्या जातीची. खऱ्या काळ्या मोहरीच्या शेंगा पिकताच तडकतात, दाणे मातीत सांडतात, यंत्राने कापणी साधत नाही. शेतकऱ्याने तिला सोडले, ह्यात त्याचा दोष नाही. पोट त्यालाही आहे. परंतु मोहरीत रोगाशी झुंजणारे गुण आणावयाचे तर संशोधकाला अशाच जुन्या नातलगांची दारे ठोठवावी लागतात. अशी बियाणी शीतपेट्यांत जतन करतात खरी. मात्र तेथलेही बी कायम जिवंत राहत नाही. उगवण मंदावली की ते शेतात पेरून नवे धरावे लागते, दुसऱ्या वाणाचे पराग लागू नयेत म्हणून डोळ्यांत तेल घालून राखावे लागते. ह्या कामाला लागणारा पैसा, आमच्या मते, बाजारात नवे चकचकीत वाण आणण्याच्या खर्चाआधी काढून ठेवावा.