टाळ पोरांच्या हाती द्या



रोवणीच्या दिवसांत भजन मंडळ थंडावते, हे आपल्या भंडारा जिल्ह्यात नवे नाही. दिवसभर बांधीत वाकलेल्या माणसाला रात्री खंजिरी उचलवत नाही. पण धान घरी आल्यावरही मंडळ बसत नसेल, तर काळजी करावी. माझ्या फिरतीतल्या एका गावात पेटी वाजवणारे आजोबा वारले. त्यांच्या हाताखाली कोणी शिकलेच नव्हते. पेटी आता मंदिराच्या कपाटात बंद आहे.

इंग्लंडातील ऑक्सफर्ड विद्यापीठात घंटा वाजवणाऱ्या विद्यार्थ्यांचे मंडळ १८७२ पासून चालू आहे. एका घंटेच्या दोरीला एक माणूस. सहा घंटा असल्या तर त्यांचे ७२० वेगवेगळे क्रम होतात. एक जण चुकला की मेळ बिघडतो. तिथली मुले तीन-चार वर्षांत शिकून निघून जातात, तरी मंडळ टिकले. कारण दर ऑक्टोबरात नवी मुले येतात आणि जुनी मुले त्यांच्या हाती दोरी देतात. पुढच्या हंगामाचे बियाणे राखावे, तसेच हे.

आपणही वर्ष आखू या. कार्तिकात काकड आरतीला मुलामुलींच्या हाती टाळ द्या. हिवाळ्यात आठवड्यातून एक रात्र शिकवा. उन्हाळ्यात शेजारच्या गावी भजनाला न्या. मृगापासून रोवणी आटोपेपर्यंत सुट्टी. पोळ्याला पुन्हा बैठक.

पोरे चुकतील, चुकू द्या. आपली तरी पहिली रोवणी कुठे सरळ ओळीत आली होती?