रूळ टाकण्याआधी गावाला रेल्वे दाखवा

17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरला पहिली गाडी सुटली. अहिल्यानगर-बीड-परळी ही 261 किलोमीटरची लाइन मंजूर झाली 1995-96 मध्ये. म्हणजे जिल्ह्याच्या गावाला रेल्वे यायला तीस वर्षं गेली आणि 353 कोटींचा अंदाज 4,805 कोटींवर पोचला. उशिराची कारणं बीडकरांना तोंडपाठ आहेत: निधी, राज्याचा निम्मा वाटा, भूसंपादन. मी बोलणार आहे ते भूसंपादनाबद्दल, आणि त्यातल्याही एकाच गोष्टीबद्दल, कारण माझी सगळी नोकरी जमिनीच्या मोजणीत गेली. आपण शेतकऱ्याला नकाशा दाखवतो, रेल्वे दाखवत नाही.

संयुक्त मोजणीच्या दिवशी बांधावर काय होतं? जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरतात, वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर दगड ठेवतात. गटांच्या हद्दी आणि त्यांवरून तिरक्या गेलेल्या दोन तांबड्या रेषा. ‘मामा, हा तुमचा गट, यातनं एवढे आर जातात.’ मामा मान डोलावतात, पंचनाम्यावर सही करतात. क्षेत्र किती गेलं हे त्यांना कळलेलं असतं, कारण मोबदला त्यावर ठरतो. उरलेल्या शेताचं काय होणार, हे त्या कागदावरून मामांनाच काय, कुणालाच कळत नाही.

त्या दोन रेषांमध्ये उभा राहतो तो मातीचा भराव. ब्रॉडगेजच्या एकेरी मार्गासाठी भरावाचा माथा 7.85 मीटर धरतात. उतार साधारण एकास दोन. भराव सहा मीटर उंच असेल तर दोन्ही बाजूंना बारा-बारा मीटर वाढतात आणि पायथा 32 मीटरच्या घरात जातो. गावात दुमजली घर किती उंच असतं? तेवढी मातीची भिंत शिवारातून आरपार जाते. विहीर इकडे, मोटारीचा पाइप तिकडे. पांदण रस्ता भरावाला येऊन अडतो आणि लांबच्या पुलाखालून वळसा घेतो. बैलगाडीच्या, उसाच्या ट्रॉलीच्या रोजच्या वाटा बदलतात. हे सगळं गावाला समजतं ते हायवा माती टाकायला लागल्यावर, आणि मग काम बंद पाडायला माणसं बांधावर जमतात. त्यांना अडाणी, विकासविरोधी म्हणणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो.

माझी मागणी साधी आहे. ज्या गावातून लाइन जायची त्या गावाच्या शिवाराची प्रतिकृती करा आणि सभामंडपात किंवा समाजमंदिरात मांडा. प्रमाण एकास पाचशे. तीन किलोमीटरचं शिवार सहा मीटर लांबीत बसतं, सहा मीटरचा भराव बारा मिलिमीटरचा होतो. कल्पनेने काही रचायची गरज नाही. अंतिम सर्वेक्षणात रेल्वेने पातळ्या घेतलेल्याच असतात, गटनकाशे आपल्याकडे आहेत. पुठ्ठ्याचे थर समोच्च रेषेवर कापायचे, एकावर एक चिकटवायचे, वरून लांबी भरून पायऱ्या बुजवायच्या. ओढा निळा, पांदण तांबडी, विहिरींना काळे ठिपके. प्रत्येक गटात त्याचा नंबर. भराव वेगळा करायचा, उचलता येईल असा. आधीचं शिवार आणि नंतरचं शिवार माणसाने स्वतःच्या हाताने पालटून बघितलं पाहिजे. मी निवृत्तीनंतर घरी असं एक शिवार केलं. शेजारच्या आजी आल्या, भराव ठेवला-उचलला आणि विचारलं, ‘आन् म्हशी कुठनं न्यायच्या?’ मोजणीच्या इतक्या वर्षांत असा नेमका प्रश्न नकाशा बघून मला कुणी विचारला नव्हता.

रेल्वेखालच्या पुलासाठी मात्र मोठं प्रमाण हवं. छोट्या रेल्वेचे छंदिष्ट लोक बहुतेक एकास सत्त्याऐंशीचं प्रमाण वापरतात. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. सिग्नल, घाट, गावं, धावत्या गाड्या. पोरं तिथून हलत नाहीत. त्या प्रमाणात बीडची अख्खी लाइन करायची म्हटली तर तीन किलोमीटर होईल, तेव्हा तो नाद नको. पण एक पूल टेबलावर सहज मावतो. त्याखालून उसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली त्याच मापाची करून सरकवायची. अडकली तर टेबलावर अडकू दे. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत आष्टीपासून बीडपर्यंत ओढ्यानाल्यांनी काय रूप घेतलं ते आपण पाहिलं. पुलाखालचा रस्ता जमिनीहून खोल घेतला की पावसाळ्यात तिथे तळं होतं, आणि रस्ता खोल आहे हे प्रतिकृतीत लहान मुलालाही दिसतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पुठ्ठ्याच्या शिवारावर तांब्याने पाणी ओतून पूर मोजता येत नाही. पाणी कुठल्या बाजूला वळेल एवढंच कळतं. वेग, फुगवटा, खरवड यांचं शास्त्र वेगळं आहे. त्यासाठी आपल्याच राज्यात खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, 1916 पासूनचं. धरणांचे सांडवे, बंदरं, नद्यांची पात्रं यांच्या प्रतिकृती करून त्यांत पाणी सोडून ते लोक निष्कर्ष काढतात. धरणासाठी जे रास्त मानतो ते रेल्वेसाठी पोरखेळ कसं?

संगणकावर सगळं दिसतं, मग पुठ्ठा कशाला, असं तरुण अभियंते म्हणतात. त्यांचं काम संगणकावरच व्हावं. पण पडद्यावरचं चित्र दाखवणारा फिरवेल तसं फिरतं. टेबलाभोवती वीस माणसं उभी राहतात, वाकून बघतात, एकमेकांशी भांडतात, बायका मागून पुढे येतात. रेल्वेची माणसं स्वतःही प्रतिकृतीवर शिकत आली आहेत. इंग्लंडमध्ये लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेने 1912 मध्ये सिग्नलवाल्यांच्या शिक्षणासाठी केलेली छोटी रेल्वे आज यॉर्कच्या संग्रहालयात आहे. जर्मनीत डार्मश्टाटला खऱ्या केबिनच्या तरफा छोट्या रुळांना जोडून वाहतूक शिकवतात.

बीड ते परळी या टप्प्यात वडवणी, सिरसाळ्याकडची गावं आहेत. तिथली लाइनखालची जमीन बदलणार नाही, पण पुलांची जागा, जोडरस्ते, पाण्याच्या चाऱ्या यांवर अजून बोलता येईल. धाराशिव-बीड-छत्रपती संभाजीनगर लाइनची मागणी आहे; ती प्रत्यक्षात आली तर पहिल्या दिवसापासून हे करता येईल. प्रतिकृती करायला बीडचं शासकीय तंत्रनिकेतन आहे, अंबाजोगाईचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. मुलांना प्रकल्पासाठी विषय हवेच असतात.

रेल्वे कायद्याच्या कलम 20 डी मध्ये हरकतीला 30 दिवस दिले आहेत. ते दिवस प्रतिकृती गावात उघडी राहावी. ज्याला अडचण दिसेल त्याने त्या जागी टाचणी टोचावी, चिठ्ठीवर गट नंबर आणि अडचण लिहावी. लिहिता येत नसेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याने लिहून द्यावी. आणि शेवटच्या ग्रामसभेत रेल्वेच्या अभियंत्याने एकेक टाचणी काढत तिचं उत्तर लेखी द्यावं.