तिला काय कळतंय?

‘कोंबडीच ती. तिला काय कळतंय?’

हे वाक्य गेल्या तीन वर्षांत मला इतक्या जणांनी ऐकवलंय की आता मी मोजणं सोडून दिलंय. म्हणणारे कुणी दुष्ट लोक नाहीत. त्यात शिक्षक आहेत, मोंढ्यातले व्यापारी आहेत, चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जाणारे भाविक आहेत आणि रोज पहिली पोळी गाईसाठी काढून ठेवणाऱ्या बायासुद्धा आहेत. निमित्त एकच. भोकरदनला आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत मी सात कोंबड्या सांभाळतो. त्यांची अंडी विकत नाही आणि त्यांना कापतही नाही. ‘मग पाळता कशाला?’ हा त्यांचा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर खाली येईलच.

सातपैकी पाच लेअर आहेत. एका शेडमध्ये अंडी कमी झाली म्हणून सगळा लॉट काढून टाकत होते, तिथून आणलेल्या. एक बॉयलर आहे (ब्रॉयलर म्हणायचं असतं हे मला माहीत आहे, पण आपल्याकडे कोण म्हणतं!). आणि एक गावरान, जी कुणाची होती ते कळलं नाही; एके दिवशी भिंतीवर येऊन बसली ती गेलीच नाही.

लेअर कोंबड्या आणल्या तेव्हा त्यांच्या चोची पुढून कापलेल्या होत्या. पिंजऱ्यात एकमेकींना टोचून मारू नये म्हणून लहानपणीच कापतात. जमिनीवर सोडलं तर एकही पुढे येईना. एक पाय उचलायचा आणि तसंच उभं राहायचं. जन्मापासून तारेच्या जाळीवर काढलेल्या त्या पायांना माती म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यातल्या एकीनं कडुनिंबाखाली पायानं खड्डा केला, आत आडवी झाली आणि पंखांनी अंगावर धूळ उडवायला लागली. हे तिला कुणी शिकवलं? आई तर तिनं पाहिलीच नव्हती, कारण ती यंत्रात उबवलेली. तासाभरात पाचही जणी धुळीत लोळत होत्या. कोंबडीनं धुळीत अंघोळ करायची असते हे त्यांच्या अंगात होतंच, फक्त तोवर धूळ मिळालेली नव्हती.

पंधरा दिवसांत त्या पाचही जणी मला वेगवेगळ्या दिसायला लागल्या. एक आहे ती वकीलीण. खुराड्याचं दार उघडायला दहा मिनिटं उशीर झाला की बाहेर आल्यावर माझ्यासमोर उभी राहून बराच वेळ तक्रार करते, आणि तोवर दाण्याकडे बघत नाही. दुसरी चोरटी. समोर ढीग पडलेला असला तरी एक दाणा उचलून कोपऱ्यात पळणार, जणू कुणी हिसकावून घेणार आहे. तिसरी जिजी. सगळ्यांत शेवटी खाते, पण घारीची सावली पडली की पहिला आवाज तिचा, आणि तो आवाज झाला की बाकीच्या एका क्षणात झुडपाखाली. चौथी भांडकुदळ आहे, तिच्याबद्दल न बोललेलंच बरं. पाचवी दोन महिने मुकी होती, तिच्या तोंडून कसलाच आवाज नाही. आता ती संध्याकाळी खुराड्यात शिरल्यावर हळू आवाजात बराच वेळ स्वतःशीच बोलत असते.

बॉयलरचं नाव ढमी. तिच्याबरोबर आणखी दोन होत्या, त्या काही महिन्यांतच गेल्या. या जातीचं अंग असं बनवलेलं आहे की पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जावं. त्यापुढे जगायचा विचार त्यात केलेलाच नाही. पाय पेलत नाहीत, हृदय पेलत नाही. ढमी चार पावलं चालते आणि बसते. ती गावरान कोंबडी, जी एरवी कुणाला जवळ उभं करत नाही, दुपारभर ढमीच्या शेजारी बसून असते. का, ते मला माहीत नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळे तुमच्या मनाचे खेळ. बरं. माझं सोडा. थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेजियन माणसानं लहानपणापासून कोंबड्यांच्या वह्या ठेवल्या आणि १९२१-२२ च्या सुमारास कोण कुणाला टोचते याचा क्रम जगासमोर मांडला. ऑफिसात आपण ज्याला ‘पेकिंग ऑर्डर’ म्हणतो तो शब्द तिथून आला. पण त्या क्रमाचा अर्थ काय होतो, याचा विचार कुणी करत नाही. आपल्या वर कोण आणि खाली कोण हे लक्षात ठेवायचं तर प्रत्येकीला प्रत्येकीचा चेहरा ओळखता यायला हवा. म्हणजे कोंबडीच्या लेखी ‘कोंबडीच ती’ असं काही नसतंच! २००९ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं की अवघ्या काही दिवसांची पिल्लं पडद्यामागे गेलेल्या वस्तूंची छोटी बेरीज-वजाबाकी करतात. २०११ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठात पिल्लांवर हवेचा झोत सोडला, तेव्हा बघणाऱ्या आईच्या हृदयाचे ठोके वाढले आणि ती पिल्लांना साद घालायला लागली. झोत तिच्या अंगावर नव्हता.

खरं सांगायचं तर यासाठी नॉर्वे-इटलीला जायची गरज नव्हती. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या बाईला विचारा. कुठली तलंग कुठल्या घरात जाऊन अंडी घालते, कुठली खुडूक झाल्यावर हात लावू देत नाही, कुठलीखाली अंडी ठेवली तर सगळी पिल्लं निघतात आणि कुठली अर्ध्यावर उठून जाते, हे त्यांना तोंडपाठ असायचं. गावरान कोंबडी सुखात होती असं मी म्हणत नाही. खुडूक मोडायला तिच्या नाकातून पीस ओवायचे, पाण्यात बुचकळायचे. पाहुणा आला की तिचीच मान. मानमोडीची साथ आली की अख्खं खुराडं रिकामं. पण कुणाची मान आहे हे कापणाऱ्याला माहीत असायचं. ‘तिला काय कळतंय’ असं ती बाई कधी म्हणाली नसती. तिला पक्कं माहीत होतं, कळतं म्हणून.

मग हे वाक्य आलं कुठून? माझ्या मते ते शेडबरोबर आलं. दहा हजार पक्षी एका छताखाली ठेवायचे तर त्यातल्या एकीलाही ओळखून चालत नाही. म्हणून शब्द बदलले. कोंबडी गेली, ‘माल’ आला. मेली तर ‘मॉर्टॅलिटी’, गाडी भरली की ‘लिफ्टिंग’, म्हातारी झाली की ‘कल’. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला, आणि पुढच्याच महिन्यात तो आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात आला, तेव्हा पेपरात रोज ‘पक्षी नष्ट केले’ असं छापून येई. रोग होता, मारावं लागलं, त्याबद्दल वाद नाही. पण नष्ट कागदपत्रं करतात. लाखो जिवांसाठी तो शब्द वापरताना कुणाचीही जीभ अडखळली नाही.

आणि भोकरदनकरांनी यात आपला काही संबंध नाही असं समजू नये. आपल्या आणि सिल्लोडच्या पट्ट्यात मका किती होतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. मोंढ्यात माप झाल्यावर तो जातो कुठं? आपण काही एवढ्या मक्याच्या भाकरी खात नाही. देशातल्या मक्याचा फार मोठा वाटा कोंबडीखाद्यात जातो. तिथे शेडमध्ये एक कोंबडी जेवढ्या जागेत उभी असते ती जागा साधारण ४५० चौरस सेंटिमीटर. तुमच्या प्रिंटरमधला ए-फोर कागद ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. त्या जागेत ती पंख पसरू शकत नाही, फिरू शकत नाही, आणि वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते. तिची रानातली मूळ जात वर्षाला दहा-पंधरा घालते. दीड वर्षानं तिचा हिशोब संपतो.

इथे एक जण हमखास हात वर करतो. ‘आम्ही फक्त अंडी खातो हो, कोंबडी नाही.’ म्हणजे हात स्वच्छ. तर त्यांच्यासाठी: लेअर जातीच्या अंड्यांतून अर्धे नर निघतात. नर अंडी देत नाही, आणि त्याच्या अंगावर मांसही लवकर चढत नाही. म्हणून हॅचरीत तो पहिल्याच दिवशी मारला जातो. काही वाचतात, ते गुलाबी-हिरव्या रंगात बुडवून बाजारात पोरांना खेळायला विकले जातात. ती रंगीत पिल्लं दोन-चार दिवसांत का मरतात आणि मुळात एवढी स्वस्त का असतात, हा प्रश्न आपल्याला कधी पडला नाही.

कायदा आहे का? आहे. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. जनावराला नीट हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं ही क्रूरता आहे, असं त्याच्या कलम ११ मध्ये लिहिलंय. आणि पहिल्या गुन्ह्याला दंड किती ठेवला? १० ते ५० रुपये. २०१७ मध्ये विधी आयोगानं खास कोंबड्यांवर अहवाल दिला, तो २६९ वा. तो वाचणारे किती भेटतात बघा. युरोपीय संघानं जुन्या पद्धतीचे उघडेबोडके पिंजरे २०१२ पासून बंद केले. ब्रिटनमध्ये २००५ साली एक संस्थाच निघाली, जी शेडमधून काढलेल्या कोंबड्या घराघरांत नेऊन देते, आणि लोक रांगा लावून नेतात.

आपल्याकडे पांजरापोळ ही कल्पना केवढी जुनी! मुंबईचा पांजरापोळ १८३४ चा. निकामी झालेल्या जनावराला मरेपर्यंत सांभाळायचं, ही गोष्ट आपल्याला कुणी परदेशातून शिकवायला नको. पण आज ती दया गाईपाशी येऊन थांबली आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये देशी गाईला राज्यमाता म्हटलं. म्हणू देत, माझी तक्रार नाही. मी एका गोशाळेत दोन कोंबड्यांना जागा मिळेल का म्हणून विचारलं, तर तिथले गृहस्थ हसले. मला वाटलं थट्टेत हसले असतील. नाही, त्यांना खरोखर विनोद वाटला होता. निकामी गाय म्हणजे पुण्य आणि निकामी कोंबडी म्हणजे विनोद? याला मी दया म्हणत नाही, आवडनिवड म्हणतो.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि मराठवाड्यात तो सगळ्यांत जड आहे. ‘इथं माणसं मरायलीत आणि तुम्हाला कोंबड्यांचं पडलंय!’ यावर मी चेष्टा करणार नाही. पण ज्यांनी करारावर शेड घातलंय त्यांना जाऊन विचारा. शेड त्यांचं, कर्ज त्यांचं, लाईटबिल त्यांचं. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, पक्षीही कंपनीचेच. शेतकऱ्याला किलोमागे ठरलेले पैसे. मे महिन्यात उन्हानं पक्षी पटापट मेले की त्याचा हिशोब बिघडतो. कोंबडीला जागा कमी का, तर चिकन स्वस्त हवं. शेतकऱ्याला किलोमागे कमी का, तर तेही चिकन स्वस्त हवं म्हणूनच. दोघांचं गणित एकाच कागदावर मांडलेलं आहे. पूर्वी परसातल्या अंड्यांचे पैसे घरातल्या बाईच्या कनवटीला असायचे, त्याला नवराही हात लावत नसे. शेडचे पैसे कुणाच्या नावावर जमा होतात? तेव्हा कोंबडीबद्दल बोललं की माणसाचं काही कमी होतं, हे मला पटत नाही.

आता ‘पाळता कशाला’ याचं उत्तर. त्या जगतात म्हणून. दुसरं काही कारण नाही. वकीलीण आता अंडी देत नाही, पण तिची तक्रार तशीच आहे.

तुम्ही उद्यापासून खाणं सोडा असं मी सांगत नाही. सांगून कुणी ऐकतही नाही. मी एवढंच मागतोय की ते वाक्य सोडा. खायचंच असेल तर म्हणा, ‘तिला कळतं, तिला भीती वाटते, तिला शेजारीण ओळखता येते, आणि तरी मी खातोय.’ मोठ्यानं म्हणा, घरातल्या पोरांसमोर म्हणा. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींवर कोंबड्या-बदकं मोजली गेली. ८५ कोटींना काही कळत नाही, हे धरून चालणं आपल्या फार सोयीचं आहे. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं आपलीच म्हण सांगते. आपण तर ८५ कोटी झाकून बसलोय.