वामनवृक्षांच्या गावी

जपानला जाऊन वामनवृक्ष पाहावयाचे, हे आमचे व सौभाग्यवतींचे ठरले. अडले ते महिन्यापाशी. १९३४ साली सुरू झालेले 'कोकुफू' हे मानाचे बोन्साय-प्रदर्शन टोकियोच्या उएनो भागात फेब्रुवारीत भरते. हिवाळ्यात पानझडी वृक्ष निष्पर्ण असतात. माळ्याने फांदी न् फांदी कशी घडविली, ते तेव्हाच उघड दिसते. पानांआड काही लपत नाही. पण फेब्रुवारी म्हणजे आमच्या शाळेत परीक्षांची धामधूम! राहिला मे. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोतील बोन्साय-माळ्यांनी ओमिया येथे १९२५ साली आपले गाव वसविले. तेथील उत्सव ३ ते ५ मे असा असतो. मेपलची कोवळी पालवी दिसेल, सांगाडा नव्हे. शिवाय त्या सप्ताहात साऱ्या जपानला सुट्टी. खोल्या फार आधी राखून ठेवाव्या लागतील. (वाचकहो, एरव्ही जाल तर गुरुवार टाळा, संग्रहालय आणि बहुतेक बागा त्या दिवशी बंद असतात.) सौभाग्यवती म्हणतात, निवृत्तीनंतर फेब्रुवारीतच जाऊ. त्यांचे गुडघे तोवर थांबतील काय? आम्ही मे धरून पारपत्राचे अर्ज भरले आहेत.