नाच लिहून ठेवायलाच हवा

‘आदिवासींचा नाच रक्तात असतो, कागदावर उतरवला की तो मेलाच,’ असं मानणारी बरीच जाणती मंडळी आहेत. संग्रामपूरच्या उत्तरेला सातपुड्यातल्या कोरकू बाया गादली नाचतात, तिच्याबद्दलही हेच ऐकू येतं. बोलणं प्रेमाचं असेल, पण नुकसान त्या नाचाचंच होतं.

फ्रान्समधला ‘ब्रान्ल’ हाही हातात हात गुंफून रिंगणात नाचायचा लोकांचा नाच. तोही रक्तातलाच. तरी आज तो पावलापावलानिशी नाचता येतो, कारण लांग्र गावचे सत्तरीला टेकलेले धर्मगुरू जेहां ताबुरो यांनी १५८९च्या सुमारास ‘त्वानो आरबो’ या टोपणनावानं ‘ऑर्केसोग्राफी’ हे पुस्तक छापलं. पानावर सूर उभे मांडले आणि सुरासमोर पाऊल लिहिलं. डावीकडे तीन पावलं, चौथ्याला पाय जुळवायचे. त्याला नाव ‘दुब्ल’. सेन नदीकाठी कपडे धोपटणाऱ्या धोबिणींच्या ब्रान्लमध्ये टाळ्या नेमक्या कुठे पडतात, तेही लिहिलं.

‘पण लोकनृत्य गावागणिक बदलतं, लिहिलं की गोठतं,’ हा दुसरा आक्षेप. आरबोंनी बदलच तर टिपले! म्हाताऱ्यांचा ब्रान्ल संथ, तरुण जोडप्यांचा चपळ, पोरासोरांचा आणखी निराळा.

मोबाईलवरच्या चित्रणानंही भागत नाही. त्यात पाय दिसतो. पावलाचं नाव, ते का बदललं, चुकलं कुठे, हे कळत नाही.

आणि हे युरोपचं खूळ मुळीच नव्हे. तेराव्या शतकात देवगिरीच्या शार्ङ्गदेवांनी ‘संगीतरत्नाकरा’चा शेवटचा अध्याय नृत्याला दिला. आरबोंच्याच शतकातले पुंडरीक विठ्ठल सातपुड्यालगतच्या खानदेशात, फारुकी राजवटीत बुऱ्हाणखानाच्या आश्रयाला होते. पुढे अकबरासाठी त्यांनी ‘नर्तननिर्णय’ रचला आणि जुन्या शास्त्राशेजारी देशी नाचांना, फारसी वळणाच्या नाचालाही जागा दिली. तिथे देशी नाच बसतो, तर गादली का नाही?

मात्र हे लिखाण बाहेरच्या पंडितानं करू नये. सांगायचं कोरकू बायांनी, लिहायचं त्यांच्याच शिकलेल्या लेकींनी, पावलांची नावं कोरकूच ठेवायची. आणि उशीर परवडणारा नाही: याच डोंगरातल्या अंबाबरवा अभयारण्यातल्या गावांचं पुनर्वसन झालं. गाव उठलं की रिंगणातल्या शेजारणीही बदलतात. म्हणून जिला सगळ्या चाली येतात, त्या आजीपाशी याच उन्हाळ्यात वही घेऊन बसावं आणि आधी एवढंच विचारावं: ढोलकीच्या कोणत्या थापेला, कोणता पाय, कोणत्या बाजूला?