माणूस घरात, सौदा बाजारात

अमेरिकेत घरांच्या ‘घाऊक विक्री’चा धंदा बोकाळला आहे. नाव घाऊक विक्रीचे. पण विकणाऱ्याच्या मालकीचे एकही घर नसते! कर्जाचे हप्ते थकलेली, मालमत्ता कर तुंबलेली, कर्ता माणूस गेलेली घरे हा दलाल सरकारी दप्तरांतून हुडकून काढतो. समजा, एका वृद्ध विधवेशी त्याने १ लाख डॉलरचा करार केला. इसार म्हणून तो किरकोळ रक्कम ठेवतो आणि तोच करार २० हजार डॉलर घेऊन एखाद्या गुंतवणूकदाराच्या नावे करून देतो. विधवा अजून त्याच घरात राहत असते. तिच्या सामानालाही हात लागलेला नसतो. खरा खरेदीदार घर पाहून जातो, तोही कधी ‘भागीदार’ तर कधी ‘ठेकेदार’ म्हणून. खरेदीदार मिळाला नाही, तर तपासणीच्या कलमाआडून दलाल अंग काढून घेतो. विधवेने माघार घेतली, तर मात्र कराराची सरकारदरबारी नोंद करून तिची विक्री अडवून धरली जाते.

हा राजीखुशीचा करार आहे, असे या धंद्याचे भाट सांगतात. एका बाजूला बाजारभाव जाणणारा व्यापारी, दुसऱ्या बाजूला जप्तीच्या धास्तीने ग्रासलेली विधवा. ही कसली राजीखुशी? मोडक्या घराला झटपट गिऱ्हाईक मिळवून देणे ही सेवाच, असाही युक्तिवाद केला जातो. सेवाच असेल, तर तिचे मोल विधवेसमोर उघड का सांगितले जात नाही? दलालाने वीट रचली नाही, छप्पर दुरुस्त केले नाही. तिची नड आणि तिचे अज्ञान, हेच त्याचे भांडवल!

खुद्द भांडवली कायदेमंडळांनाही हे मान्य करावे लागले आहे. इलिनॉयने २०१९ मध्ये आणि ओक्लाहोमाने २०२१ मध्ये या धंद्यावर परवान्याचे बंधन घातले. पेन्सिल्व्हेनियाच्या २०२४ च्या कायद्याने, घर हस्तांतरित झाले नसेल तर ३० दिवसांपर्यंत करार रद्द करण्याचा हक्क मालकाला दिला. हे हक्क स्वागतार्हच आहेत. परंतु परवान्याने दलालाला शिस्त लागेल. विधवेचे थकलेले हप्ते फिटणार नाहीत.

भांडवलदार वर्ग घरांचा प्रश्न सोडवीत नाही, तो केवळ एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवितो, हे एंगल्सने १८७२ मध्येच दाखवून दिले होते. निवारा ही जोवर बाजारातील वस्तू आहे, तोवर माणूस घरात असतानाच त्याच्या घराचे सौदे होत राहणार. म्हणून केवळ दलालाला वेसण घालून भागणार नाही. निवाऱ्याचा हक्कच बाजाराच्या तावडीतून सोडवावा लागेल!