संगीत नाटक लहान जागेत यावे

इंग्लंडातल्या लहान फिरत्या मंडळ्या इटालियन ऑपेरा चार-सहा गायक आणि एका पियानोच्या आधारे, श्रोत्यांना कळणाऱ्या इंग्रजीत सादर करतात. नाशिकच्या रंगभूमीने यातून धडा घ्यावा. खरे तर ही वाट आपलीच आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये पुण्यात कालिदासाचे ‘शाकुंतल’ मराठी पदांतून उभे केले आणि त्यांची मंडळी गावोगावी फिरली. भाषांतराने गाण्याचा प्राण जातो, हा आक्षेप तिथेच गळून पडतो. भव्यता हरवेल, हा दुसरा आक्षेप. पण आपल्या पदांना मोठा वाद्यवृंद कधीच लागला नाही. ऑर्गन आणि तबला पुरले. लहान जागेत शब्द, श्वास आणि हरकत थेट कानी पडते. खर्चही आटोक्यात राहतो, म्हणून प्रयोग वाढतात. नाशिककर वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ 1964 मध्ये जितेंद्र अभिषेकींच्या संगीताने रंगभूमीवर आले. ते नाटक आज परशुराम साईखेडकर नाट्यगृहात, ध्वनिक्षेपकाविना, मोजक्या गायक नटांनी करावे. प्रेक्षकांनी तिकीट काढून साथ द्यावी. संगीत नाटक स्मरणरंजनावर नव्हे, प्रयोगांवर जगते.